रानात वाट चुकली तर

प्रस्तावना

मे-जून महिन्यांत संध्याकाळच्या वेळी दिल्लीच्या काश्मिरी गेट येथील आंतरराज्यीय बसस्थानकावर गेल्यास एक दृश्य हमखास दिसते. पाठीवर भल्यामोठ्या सॅक घेतलेल्या तरुण-तरुणींचे गट ऋषिकेश, मनाली अशा गावांना जाणाऱ्या बसची वाट पाहत उभे असतात. त्यांत महाराष्ट्रातून रेल्वेने दिल्लीला आलेले कितीतरी मराठी चेहरेही असतात. बसस्थानकावर अंगाची लाही होत असते. दोन-तीन दिवसांनी याच मंडळींना बर्फावरून येणारा वारा झोंबणार असतो. त्यांच्यापैकी अनेकांसाठी डोंगरात जाण्याची ही पहिलीच खेप असते.

डोंगर आणि अरण्य यांची ओढ ही चांगली गोष्ट आहे. तथापि शहरात वाढलेल्या माणसाला एका गोष्टीचे भान क्वचितच असते. नळ उघडला की पाणी, कळ दाबली की उजेड आणि हाक मारली की माणूस, ही सोय रानात नसते. आपल्या आजोबा-पणजोबांना जे ज्ञान गुरे राखताना आणि लाकूडफाटा आणताना सहज मिळत होते, ते आता मुद्दाम शिकावे लागते. रानात अडचण आली असता मदत येईपर्यंत तग कसा धरावा, याचे पहिले धडे या पाठात दिले आहेत. पाठ वाचल्यानंतर रानातील खरे धोके कोणते, संकटात कोणते काम आधी करावे व कोणते नंतर, आणि ही विद्या कोठे शिकता येते, हे तुम्हांला सांगता येईल.

धोका नेमका कशाचा?

रान म्हटले की नवख्या माणसाच्या डोळ्यांपुढे वाघ, बिबट्या आणि साप उभे राहतात. प्रत्यक्षात बहुतेक वन्य प्राणी माणसाची चाहूल लागताच दूर निघून जातात. माणसाचा घात होतो तो बहुधा थंडी, ऊन, तहान, कड्यावरून पडणे आणि घाईने घेतलेले चुकीचे निर्णय यांमुळे. हे शत्रू डरकाळी फोडत नाहीत, म्हणून त्यांची भीती वाटत नाही. आणि भीती वाटत नाही म्हणूनच ते अधिक घातक ठरतात.

दोन घटना पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील हरिश्चंद्रगडाच्या परिसरात पुण्याहून आलेला एक गट धुक्यात वाट चुकला. मुसळधार पावसात त्यांना रात्र उघड्यावर काढावी लागली आणि त्यांपैकी एकाचा गारठ्याने मृत्यू झाला. हरिश्चंद्रगडाची उंची सुमारे १,४०० मीटर आहे. तेथे बर्फ पडत नाही, पाणीही गोठत नाही. तरीही थंडीने माणूस दगावला.

दुसरी घटना जून २०२४ मधील आहे. उत्तराखंडातील सहस्रताल या, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून उंच असलेल्या सरोवराच्या वाटेवर बावीस जणांचा एक गट हिमवादळात सापडला. त्यांपैकी नऊ जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवसांत दिल्ली उन्हाने होरपळत होती.

या दोन्ही घटनांमागे एकच साधे शास्त्र आहे. माणसाच्या शरीराचे आतील तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. ते ३५ अंशांच्या खाली गेले, की शरीराचा कारभार बिघडू लागतो. वैद्यकीय भाषेत या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. हवा कोरडी आणि शांत असेल तर शरीर ऊब टिकवून धरते. परंतु कपडे भिजले आणि त्यावर वारा लागला, की ऊब झपाट्याने निघून जाते. पाणी हे हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणूनच सह्याद्रीतील श्रावणाचा पाऊस आणि वारा मिळून माणसाचा जीव घेऊ शकतात.

उंचीचाही हिशेब लक्षात ठेवावा. दर १,००० मीटर चढल्यावर हवेचे तापमान सर्वसाधारणपणे साडेसहा अंशांनी उतरते. दिल्ली समुद्रसपाटीपासून सुमारे २१५ मीटर उंचीवर आहे. तेथे पारा ४२ अंशांवर असेल, तेव्हा चार हजार मीटरांवर तो भर दुपारीही सतरा-अठरा अंशांच्या आसपास असू शकतो. रात्री, वाऱ्यात आणि ढगाळ हवेत तो याहून कितीतरी खाली जातो. दिल्लीचा उन्हाळा पाहून सॅक भरणाऱ्याची फसगत होते ती येथे.

तीनचा हिशेब

रानात तग धरण्याची विद्या शिकवताना जगभर एक ठोकताळा सांगितला जातो. माणूस हवेशिवाय साधारण तीन मिनिटे, अतिशय प्रतिकूल हवामानात निवाऱ्याशिवाय तीन तास, पाण्याशिवाय तीन दिवस आणि अन्नाशिवाय तीन आठवडे जगू शकतो. हे आकडे काटेकोर नाहीत. दिल्लीच्या जूनमधील उन्हात पाण्याशिवाय तीन दिवस काढणे अशक्यच आहे. तरीही या ठोकताळ्याचे मोल मोठे आहे, कारण तो कामांचा क्रम शिकवतो.

वाट चुकलेल्या नवख्या माणसाला पहिली चिंता पोटाची वाटते. कंदमुळे शोधण्यात, फळे चाखून पाहण्यात तो वेळ घालवतो. वस्तुतः अन्नाचा क्रमांक सर्वांत शेवटचा आहे. बहुतेक प्रसंगी मदत एक-दोन दिवसांत पोहोचते आणि तेवढा उपास निरोगी माणूस सहज सोसतो. म्हणून आधी जखम आणि श्वास यांकडे लक्ष द्यावे, मग ऊन-वारा-पावसापासून आडोसा करावा, मग पाणी पाहावे आणि मदतीसाठी खुणा कराव्यात. खाणे त्यानंतर.

अनोळखी फळ, कंद किंवा अळिंबी यांच्या वाटेला तर जाऊच नये. खाण्याजोगी अळिंबी आणि विषारी अळिंबी दिसायला इतक्या सारख्या असू शकतात, की जाणकारही चुकतात. रानातील कोणता पाला शिजवावा आणि कोणता कंद किती वेळ उकळून खावा, याचे ज्ञान ठाकर, कातकरी, महादेव कोळी, गोंड, माडिया अशा समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी रानातील असंख्य गोष्टी आणि शब्द आदिवासींकडूनच शिकून मराठीत आणले. हे ज्ञान सोबत राहून, वर्षानुवर्षे पाहून मिळवायचे असते. पुस्तकातील चित्र पाहून पाने तोडणे म्हणजे हे ज्ञान नव्हे.

आधी थांबावे

वाट चुकल्याची जाणीव होताच माणसाची पावले आपोआप वेगाने पडू लागतात. ‘अजून थोडे पुढे गेलो की वाट सापडेल’ असे मन सांगत राहते. याच घाईत माणूस ओळखीच्या खुणांपासून अधिक दूर जातो, दमतो, घामाने भिजतो आणि अंधारात कड्याजवळ पोहोचतो. म्हणून रानातील पहिला आणि सर्वांत अवघड धडा म्हणजे थांबणे.

थांबावे, खाली बसावे, घोटभर पाणी प्यावे. श्वास शांत झाला की विचार करावा: शेवटची ओळखीची खूण कोणती होती, तिला किती वेळ झाला? मग भोवताली पाहावे: दिवस किती उरला आहे, आभाळ कसे आहे, आपल्याजवळ काय आहे? आणि त्यानंतरच ठरवावे. परतीची वाट खात्रीने ठाऊक असेल आणि पुरेसा उजेड असेल, तर त्याच वाटेने शेवटच्या खुणेपर्यंत मागे जावे. खात्री नसेल तर आहे तेथेच सुरक्षित जागा पाहून मुक्काम करावा. शोध घेणाऱ्यांना एका जागी बसलेला माणूस सापडणे सोपे असते. फिरत राहिलेल्याच्या मागे त्यांना रान पालथे घालावे लागते.

सह्याद्रीत आणि दिल्लीजवळच्या अरवलीतही वाट चुकण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे ढोरवाटा. गुरे किंवा नीलगाई यांच्या रोजच्या येण्याजाण्याने या वाटा पडतात. त्या ठळक दिसतात. पण त्यांना गावाला जायचे नसते. कोठे त्या चरणीच्या जागी विरून जातात, तर कोठे पाणवठ्याशी संपतात. चांगली मळलेली वाट एकाएकी पुसट होऊ लागली, की ती ढोरवाट असावी असे समजून मागे फिरावे.

‘ओढ्याच्या कडेने खाली उतरत गेले की गाव लागते’ हा सल्ला अनेकदा ऐकू येतो. सपाट मुलखात तो खरा ठरेल; परंतु सह्याद्रीत तो जिवावर बेतू शकतो. घाटमाथ्यावरचे ओढे कोकणाच्या बाजूला शेकडो मीटर उंचीच्या कड्यांवरून कोसळतात. ओढ्याचा माग धरून उतरणारा माणूस अशा ठिकाणी अडकतो, जेथून खाली जाता येत नाही आणि निसरड्या खडकावरून पुन्हा वर चढताही येत नाही. मुलूख बदलला की नियम बदलतो, हे ध्यानात ठेवावे.

अडकल्यावर एका जागी टिकून राहण्याचे महत्त्व फेब्रुवारी २०२२ मधील एका घटनेत सर्व देशाने पाहिले. केरळमधील मलमपुळा येथे डोंगर उतरताना एक तरुण घसरून कड्यातील कपारीत अडकला. खाली खोल दरी होती; जवळ अन्न नव्हते, पाणी नव्हते. भ्रमणध्वनीवरून त्याने आपण कोठे आहोत हे कळवले आणि चाळीस तासांहून अधिक काळ तो त्या कपारीत तग धरून राहिला. अखेर भारतीय सैन्याच्या पथकाने दोराच्या साहाय्याने त्याची सुटका केली. त्याला वाचवले ते सैनिकांच्या कौशल्याने. पण ते पोहोचेपर्यंत धीर धरण्याचे काम त्याचे त्यालाच करावे लागले.

निवारा: ऊब आणि सावली

निवारा म्हणजे झोपडी बांधणे नव्हे. वारा आणि पाऊस अडेल, जमिनीची थंडी अंगाला लागणार नाही, एवढे साधले तरी पुरे. जवळ प्लास्टिकची ताडपत्री आणि सुतळी असेल, तर दोन झाडांना सुतळी बांधून ताडपत्री तिरपी टाकता येते. वाऱ्याकडील बाजू जमिनीलगत ठेवावी. खाली वाळका पाला, सॅक, दोर, जे असेल ते अंथरावे. अंगावर पांघरूण असूनही खालून जमिनीत ऊब निघून जाते, ही गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही.

जागा निवडताना ओढ्याचे कोरडे पात्र टाळावे, कारण वर कोठेतरी पडलेल्या पावसाचे पाणी तेथे अचानक लोंढ्याने येऊ शकते. दरडीच्या पायथ्याशी व वाळलेल्या झाडाखाली बसू नये. विजा चमकत असतील तर डोंगराची धार, माथा आणि एकाकी उभे झाड यांपासून दूर जावे.

गारठ्याची लक्षणे ओळखता आली पाहिजेत. आधी हुडहुडी भरते. मग बोटे कामे करीत नाहीत, बोलणे अडखळते, माणूस ठेचकाळू लागतो आणि विचित्र हट्ट करू लागतो. थंडी कायम असताना हुडहुडी थांबली, तर ते बरे वाटल्याचे चिन्ह नसून धोका वाढल्याचे चिन्ह असते. अशा माणसाचे ओले कपडे काढावेत, त्याला कोरड्या कपड्यांत गुंडाळावे, डोके झाकावे आणि तो शुद्धीवर असेल तर गरम, गोड पेय घोट घोट पाजावे. मद्य मुळीच देऊ नये. त्याने ऊब आल्याचा भास होतो, परंतु शरीरातील उष्णता उलट लवकर निघून जाते.

उन्हाळ्यातील निवारा म्हणजे सावली. दिल्लीच्या परिसरात मे-जूनमध्ये दुपारी बारा ते चार या वेळेत रानात चालूच नये. चक्कर, मळमळ आणि डोकेदुखी सुरू झाली, की सावलीत आडवे व्हावे, अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा. शरीर तापलेले असून माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा आणि अंग थंड करीत त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

पाणी

रानातील पाणी कितीही नितळ दिसले तरी ते शुद्ध आहे असे समजू नये. जुलाब लावणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी स्वच्छ फडक्याने गाळून घ्यावे आणि खळखळून उकळावे. उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. २,००० मीटरांहून अधिक उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळत असल्याने तीन मिनिटे उकळावे. उकळणे शक्य नसेल तेथे क्लोरीनच्या गोळ्या उपयोगी पडतात. त्यांच्या वेष्टनावर लिहिलेले प्रमाण व वेळ पाळावी.

घाम फार गेला असेल तर नुसत्या पाण्याने भागत नाही. एक लीटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले, की जलसंजीवनी तयार होते. चमचा चहाचा घ्यावा, मोठा नव्हे.

दिल्ली, फरिदाबाद आणि गुरुग्राम यांच्या सीमेवरील अरवलीत दगड-वाळूच्या जुन्या खाणींचे खोल खड्डे पाण्याने भरून निळी तळी तयार झाली आहेत. दिसायला ती रम्य आहेत. परंतु त्यांचे काठ उभे तुटलेले, तळ खोल आणि बाहेर पडायला पायरी नाही. तेथे पोहायला उतरलेली मुले बुडाल्याच्या घटना वेळोवेळी घडल्या आहेत. अशा पाण्यात उतरू नये, हाही तग धरण्याच्या विद्येचाच भाग आहे.

आग: मित्र आणि शत्रू

आग ऊब देते, पाणी उकळते, धीर देते आणि दुरून दिसते. ती पेटायला तीन गोष्टी लागतात: उष्णता, जळण आणि हवा. नवखा माणूस जाड ओंडक्याला काडी लावतो आणि काडेपेटी संपवतो. आधी वाळके गवत किंवा सालीचे तंतू, त्यावर काडीएवढ्या काटक्या, मग बोटाएवढी लाकडे आणि शेवटी जाड लाकूड, असा क्रम असतो. काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी.

परंतु आग केव्हा पेटवू नये, हे आधी शिकावे. अभयारण्यात आणि राखीव वनात आग पेटवणे हा गुन्हा आहे. सुक्या गवताच्या दिवसांत एका ठिणगीने डोंगर पेटतो. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात पदभ्रमणासाठी गेलेले गट वणव्यात सापडले आणि त्यांपैकी वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. जिवावरचा प्रसंग नसेल तर रानात आग नको. पेटवावीच लागली तर जागा गवत काढून मोकळी करावी, भोवती दगड लावावेत, आणि निघताना पाणी किंवा माती टाकून राख हाताला गार लागेपर्यंत विझवावी.

दिशा

होकायंत्र आणि नकाशा वापरता येणे उत्तमच. परंतु ती साधने नसली तरी सूर्य आणि तारे असतात. सपाट जागी हातभर लांबीची सरळ काठी उभी रोवावी. तिच्या सावलीच्या टोकावर एक खडा ठेवावा. अर्ध्या तासाने सावलीचे टोक सरकलेले दिसेल. तेथे दुसरा खडा ठेवावा. पहिला खडा पश्चिमेकडचा आणि दुसरा पूर्वेकडचा. पहिला खडा डाव्या हाताला व दुसरा उजव्या हाताला येईल असे उभे राहिले, की तोंड उत्तरेकडे होते.

येथेही मुलखाप्रमाणे थोडा फरक पडतो. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने तेथे मध्यान्हीची सावली वर्षभर उत्तरेकडेच पडते. मुंबई-पुण्याकडे मात्र मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून त्या दिवसांत तेथे मध्यान्हीच्या सावलीवर विसंबू नये.

रात्री ध्रुवतारा शोधावा. सप्तर्षींच्या चौकोनातील पुलह आणि क्रतू या दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा क्रतूच्या पुढे सुमारे पाचपट वाढवली, की ती ध्रुवाजवळ पोहोचते. सप्तर्षी मावळलेले असतील तेव्हा इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी दिसणारी शर्मिष्ठा वर आलेली असते. तिच्यावरूनही ध्रुवाचा अंदाज घेता येतो. ध्रुवतारा दिल्लीत क्षितिजापासून सुमारे साडेअठ्ठावीस अंश, तर मुंबईत सुमारे एकोणीस अंश उंच दिसतो. तो फार तेजस्वी नाही, म्हणून घराच्या गच्चीवरून त्याची ओळख आधीच करून घ्यावी.

एक मात्र विसरू नये. दिशा कळली म्हणजे वाट कळली असे नाही. आपल्याला कोणत्या दिशेला जायचे आहे, हे निघण्यापूर्वी ठाऊक असेल, तरच उत्तरेचा उपयोग.

सर्पदंश

भारतात माणसे दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या दंशामुळे. हातभर पुढे काठी आपटत चालावे, दगडाखाली किंवा बिळात हात घालू नये, रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकू नये आणि बूट झटकून घालावेत; एवढ्याने बहुतेक दंश टळतात.

दंश झालाच तर त्या माणसाला धीर द्यावा. दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणे काठीला सैल बांधून स्थिर ठेवावा. अंगठी, कडे, बांगड्या काढून घ्याव्यात, कारण सूज येते. जखम चिरू नये, विष चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये आणि साप पकडण्यात वेळ दवडू नये. मांत्रिकाकडे नेलेला प्रत्येक तास रुग्णाच्या आयुष्यातून वजा होतो. सर्पविषावर प्रतिविष हाच उपाय आहे आणि तो रुग्णालयातच मिळतो. भारतात तयार होणारे प्रतिविष वरील चारही सापांच्या विषावर चालते. मुंबईच्या हाफकिन संस्थेने ते तयार करण्याचे काम अनेक दशके केले आहे.

मदतीची हाक

ओरडून घसा बसतो आणि शक्ती जाते. शिटीचा आवाज दूर जातो आणि दम खात नाही. एका मिनिटात सहा वेळा शिटी वाजवावी, मग एक मिनिट थांबावे आणि पुन्हा वाजवावी. डोंगरी मुलखात हा संकटाचा संकेत मानला जातो. रात्री विजेरीनेही तो देता येतो. दिवसा आरशाने सूर्याचा कवडसा पाडता येतो. भडक रंगाचे कापड उघड्या जागी पसरून ठेवावे.

भ्रमणध्वनीची बॅटरी छायाचित्रांत संपवू नये. रेंज मिळताच ११२ या आपत्कालीन क्रमांकावर संपर्क साधावा आणि आपण कोठून निघालो, शेवटची खूण कोणती, किती जण आहोत, जखमी कोण, हे थोडक्यात सांगावे. महाराष्ट्रात अशा प्रसंगी गिर्यारोहकांची स्वयंसेवी पथके धावून जातात. पुण्याची गिरिप्रेमी आणि लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र या संस्थांनी या कामात नाव मिळवले आहे. त्यांचे कार्यकर्ते आपापली कामे सोडून, भर पावसात, रात्री-अपरात्री डोंगर चढतात. आपल्या निष्काळजीपणाची किंमत आपल्यासह त्यांनाही मोजावी लागते, ही जाणीव ठेवावी.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक साधन मात्र घरीच असते. ते म्हणजे एक कागद. कोठे जात आहोत, कोणत्या वाटेने, कोणासोबत आणि केव्हा परतणार, हे लिहून घरच्यांकडे ठेवावे. ठरल्या वेळी माणूस परतला नाही, तर शोध त्याच रात्री आणि योग्य दिशेने सुरू होतो.

शिकावे कोठे?

ही विद्या शिकायची सुरुवात हिमालयात करू नये. पहिली पायरी घरची गच्ची. तेथे ताडपत्रीचा आडोसा बांधून एक रात्र काढावी, दोन-चार उपयोगी गाठी डोळे मिटून मारता येईपर्यंत घोटाव्यात, ध्रुवतारा शोधावा. सॅकमध्ये शिटी, विजेरी, ताडपत्री, सुतळी, काडेपेटी, लहान चाकू, मलमपट्टी, कोरडे कपडे, कानटोपी, पाणी आणि थोडा सुका खाऊ या वस्तू आहेत ना, याची चाचणी घ्यावी.

दुसरी पायरी जवळचे रान, तेही जाणकारांसोबत. दिल्लीच्या दक्षिण सीमेवर सुमारे ३२ चौरस किलोमीटरांचे असोला भाटी अभयारण्य आहे. नीलगाय, कोल्हे आणि अनेक जातींचे पक्षी तेथे दिसतात; बिबट्याचाही वावर आढळला आहे. नियम पाळून तेथे झाडे, पावलांचे ठसे आणि वाटा वाचायला शिकता येते. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला हीच शाळा गावाजवळच्या डोंगरात मिळते.

तिसरी पायरी रीतसर प्रशिक्षणाची. दिल्लीत भारतीय गिर्यारोहण प्रतिष्ठानाचे मुख्यालय आहे आणि तेथे प्रस्तरारोहणाच्या सरावासाठी भिंत आहे. दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था १९५४ मध्ये, तर उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ मध्ये सुरू झाली. त्यांच्या सुमारे चार आठवड्यांच्या प्राथमिक अभ्यासक्रमात दोरकाम, बर्फावरील चाल, प्रथमोपचार आणि मुक्काम हे सारे हातांनी करून शिकवले जाते. प्रवेशासाठी वय व प्रकृतीच्या अटी असतात. महाविद्यालयीन पदवीची मात्र गरज नसते.

समारोप

रानात तग धरण्याची विद्या म्हणजे पराक्रमाची कला आहे, असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात ती साध्या शहाणपणाची शिस्त आहे. सांगून निघावे, कोरडे राहावे, वेळेवर थांबावे, ठाऊक नाही ते खाऊ नये, आणि परतायचे असेल तेव्हा शिखर शंभर पावलांवर असले तरी परतावे. डोंगर उद्याही तेथेच असतो. त्याला पुन्हा भेटायला आपण असणे, यासाठी ही विद्या शिकायची.

पाठगत प्रश्न

१. बर्फ नसलेल्या डोंगरातही गारठ्याने मृत्यू का होऊ शकतो? पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. ‘ओढ्याच्या कडेने उतरत जावे’ हा सल्ला सह्याद्रीत धोक्याचा का ठरतो?
३. ‘तीनचा हिशेब’ काटेकोर नसूनही उपयोगी का आहे?
४. सर्पदंश झाल्यावर करावयाच्या तीन व टाळावयाच्या तीन गोष्टी लिहा.
५. तुम्ही एका दिवसासाठी जवळच्या डोंगरावर जाणार आहात, अशी कल्पना करून घरी ठेवावयाची चिठ्ठी आठ ते दहा ओळींत लिहा.